अनवाणी ठमाई

नालबंदानं पेटी उघडली तेव्हा आत्या ठमाई घोडीच्या उजव्या पुढच्या पायाशी वाकली होती. खिळ्यांची खळखळ ऐकून तिनं मान वर केली.

"ह्यांना कोणी बोलावलं?"

"मी," भाचा म्हणाला. "उद्यापासून रपेटी सुरू. ठमाईला नाल मारून घेतो."

तबेला भाच्याचा. त्याचे वडील गेल्यावर तो त्याच्याकडे आला, आणि सोबत वडिलांची ही बहीणही आली, जी लग्नाच्या भानगडीत न पडता जन्मभर घोड्यांमध्ये राहिली. भाच्याला पहिल्यांदा घोड्यावर तिनंच बसवलं होतं. आता तो तिला घोडं शिकवत होता. चालायचंच.

ठमाई गेल्या हिवाळ्यात लंगडायला लागली. एक नाल उतरली की लगेच दुसरी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं; पायाला मोकळीक कधी मिळालीच नाही. टाचा आवळून एकमेकींना भिडल्या, आणि तळव्याच्या मधला रबरासारखा त्रिकोण सुकून करंगळीएवढा उरला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पायांतल्या नाला काढून टाका. आत्यानं काढल्या. तेव्हापासून रोज सकाळी तळहातानं खुराची ऊब बघायची, घोट्यामागे बोट ठेवून नाडी बघायची, त्रिकोण दाबायचा, आणि मग चहा. भाचा म्हणायचा, आत्यानं इतकी काळजी माणसांची केली असती तर देवी झाली असती.

"बरी झालीय ती," भाचा म्हणाला. "दाखवतोच." त्यानं हनुवटीखाली दोर घट्ट धरला आणि ठमाईला रिंगणातल्या वाळूवर फिरवलं. ठमाई ऐटीत चालली. "बघ! आता घोडं कुठं पेंड खातंय?"

"तुझ्या मुठीत," आत्या म्हणाली. "दोर ताणून मान धरलीस तर लंगडं जनावरही ताठ चालेल. सैल सोड. आणि वाळूवर काय, वाळूवर मीही नाचेन. खडीवर आण."

भाच्यानं दोर सोडला नाही. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "हे बघ, तुझंही राहू दे, माझंही राहू दे. ती ठणठणीत आहे असं म्हण, नाल नाही मारत. अनवाणीच नेतो रपेटीला. पण दुखतंय म्हणालीस, तर नाल मारणारच."

आत्यानं ठमाईकडे पाहिलं. हो म्हटलं की खिळे टळत होते. पण उद्या दिवसभर दगडावर, पाठीवर माणूस घेऊन, ठमाईला ते हो फेडावं लागलं असतं. तिनं दोर भाच्याच्या हातातून ओढून घेतला, सैल सोडला आणि घोडीला स्वतःच खडीवर नेलं.

ठमाईनं टाच आधी टेकवायला हवी होती. ती खुराचं टोक आधी टेकवत होती, आणि उजवा पाय पडला की मान वर उडत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"दुखतंय," आत्या म्हणाली.

"मग झालं तर. मारा नाल."

"मारली की संध्याकाळपर्यंत सरळ चालेल, आत्याबाई," नालबंद म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

"सरळ चालेल, कारण दुखलेलं कळणार नाही. तिलाही नाही अन् ह्यालाही नाही. रोग रेड्याला अन् औषध पखालीला!" आत्यानं उजवा पाय उचलला आणि नालबंद धरतात तसा दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला. "इकडं या. वरच्या केसांपासून इथपर्यंत नवा खूर. कसा रुंद आलाय बघा. इथून खाली जुना, चिमटलेला. अर्धी वाट झालीय. हा त्रिकोण बघा, अंगठ्याएवढा झालाय, दाबला की वर येतो. दुखणं हत्तीच्या पावलानं आलं, मुंगीच्या पावलानं जातंय. आज खिळे ठोकलेत तर नव्यालाही जुन्यासारखाच चिमटा बसेल."

नालबंद वाकला. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"आत्या, पाय खाली ठेव."

"नाही ठेवत."

"हा तबेला माझा आहे."

"कोण नाही म्हणतंय? मला हाकल. मी हिला घेऊन जाते, गवताच्या कडेकडेनं, तिच्या चालीनं."

ठमाईनं आपलं निम्मं वजन आत्याच्या पाठीवर टाकलं. आत्याची कंबर ठणकली. पण पाय सुटला नाही.

भाच्यानं कपाळावर हात मारला. "किती वेळ धरणार आहेस अशी?"

"नवा खूर जमिनीला टेकेपर्यंत."

"आणि उद्या रपेटीला कोणाला नेऊ? तुला?"

"ने की," आत्या वाकल्या वाकल्याच म्हणाली आणि एका पायातली चप्पल तिनं झटकून दिली. "ती पेटी उघडीच आहे. आधी मला नाल मारून घे."