सचिवाच्या गाडीवरचा चारा

विमलबाईंच्या दोन म्हशी छावणीत गेल्या आणि महानंदाच्या घराची घडी विस्कटली. दिंद्रुडात हे कोणाला सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता, म्हणून महानंदानं कोणाला सांगितलं नव्हतं.

तिची नीलांबिका दुसरीत होती. शाळा साडेचारला सुटायची. महानंदा बाजारपेठेतल्या पतसंस्थेत रोखपाल. सहानंतर पिग्मी एजंट दिवसभराची वसुली घेऊन येत आणि रक्कम जुळेपर्यंत तिला खुर्ची सोडता येत नसे. घरी पोचायला सात-साडेसात व्हायचे. नवरा मन्मथ गावच्या विकास सोसायटीचा गटसचिव, त्याचाही पत्ता अंधार पडेपर्यंत नसे. मधला सगळा वेळ नीला शेजारच्या विमलबाईंच्या अंगणात काढायची. तिथंच भाकरी खायची, तिथंच पाढे म्हणायची, म्हशीच्या शेपटीला रिबीन बांधायची. विमलबाईंचा लेक आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, त्यामुळं त्यांनाही पोरीची सोबत होती. त्या याचा एक पैसा घेत नसत. पैशाचं नाव काढलं असतं तर शेजार तुटला असता. दूध मात्र महानंदानं त्यांच्याकडूनच घ्यायचं, पातळ असलं तरी.

त्या वर्षी जानेवारीतच कडबा संपला. फेब्रुवारीत सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली आणि तिचा कारभार मन्मथकडं आला. मन्मथ नियमाचा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी भोंग्यावरून सांगितलं, की संध्याकाळच्या मोजणीला मालक जनावरापाशी उभा पाहिजे. नसला तर त्या जनावराचा चारा बंद. आठवडाभरात एका बैलानं एका पोराला ढुसणी दिली, तेव्हा त्यानं दुसरा नियम काढला. छावणीत लहान पोरं आणायची नाहीत.

विमलबाई वळकटी बांधून निघाल्या तेव्हा महानंदा दारात उभी होती.

"मावशी, चार ते सात तेवढं येऊन जात जावा की."

"बाई, माजा काय इलाज हाय? म्हशी टाकून आले तर तुजाच नवरा चारा बंद करील. भोंग्यावर ओरडत होता, ऐकलं न्हाईस का?"

ऐकलं होतं. साऱ्या गावानं ऐकलं होतं.

रात्री महानंदानं विषय काढला. मन्मथ म्हणाला, "आईला बोलावून घेऊ." त्याची आई गंगासागर सोलापूरला धाकट्या लेकाकडं असायची. तिला फोन लावला.

"नळाला पाणी आलं की येते," सासूबाई म्हणाल्या.

"नळाला पाणी पावसाळ्यात येईल, आई."

"मग पावसाळ्यात येते."

मग महानंदानं नीलाला पतसंस्थेत आणून बसवलं. पहिले दोन दिवस पोरगी गुमान चित्रं काढत होती. तिसऱ्या दिवशी तिला खेळायला रबर हवे होते आणि रबर नोटांच्या बंडलांना होते. त्या संध्याकाळी एजंटांसह सगळा स्टाफ नऊपर्यंत नोटा लावत बसला. व्यवस्थापक अर्जुनराव आवाज न चढवता बोलणारे होते, त्यामुळं त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"महानंदाताई, ही पतसंस्था हाय, बालवाडी न्हाई. तुमची अडचण मला कळती. पर असंच चाललं तर रोखीचं टेबल दुसऱ्याला देतो आन् तुमाला वसुलीला टाकतो."

वसुली म्हणजे दिवसभर गावोगाव फिरायचं. थकबाकीदाराच्या दारात उभं राहायचं आणि पाऊस नाही हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. परत कधी यायचं याला ठिकाण नाही. महानंदाला आठ वर्षांनी रोखीचं टेबल मिळालं होतं. ती घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच मन्मथला म्हणाली, "आता तुमी काय ते करा. छावणी तुमची, नियम तुमचे, पोरगी बी तुमची."

मन्मथनं दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. तोडगा ऐकून महानंदाला आधी वाटलं, याला ऊन लागलं.

"म्हशी गावात राहिल्या की विमलमावशी गावात राहतील."

"आन् म्हशींनी खायचं काय? तुमचे अहवाल?"

"चारा मी आणतो. माजलगावकडनं उसाच्या शेंड्याचा, वाढ्याचा ट्रॅक्टर येतोय रोज. दोन म्हशींपुरते वाढे पदरच्या पैशानं घेऊ."

तसं झालं. म्हशी घरी आल्या, विमलबाई आल्या, नीला अंगणात गेली. मन्मथ रोज संध्याकाळी छावणीवरून परत येताना गाडीवर मागं उसाच्या वाढ्याच्या मोळ्या बांधून आणू लागला. घरात माणसांची आंघोळ एक दिवसाआड होती. म्हशींना मात्र दोन्ही वेळा बादल्या भरून पाणी लागायचं, आणि टँकर आला की मन्मथच ड्रम भरायला धावायचा. कंबर धरून तो अंथरुणावर पडायचा तेव्हा महानंदाला त्याची दया यायची. पण ती रोज सातपर्यंत टेबलावर असायची आणि रक्कम रोज जुळायची, म्हणून ती दया ती बोलून दाखवत नसे.

बारा-पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात कोणीतरी मन्मथला विचारलं, "काय आप्पा, छावणीतल्या म्हशी आता घरी बसून जेवायल्या व्हय?"

मन्मथला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. छावणीचा सचिव अंधार पडताना छावणीच्या रस्त्यानं चारा बांधून घरी जातो, हे सगळं गाव पाहत होतं. त्यातून काय अर्थ काढायचा हे गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं ट्रॅक्टरवाल्याची पावती काढून दाखवली. हॉटेलवाला म्हणाला, "सचिवाला पावती करायला कितीक वेळ लागतोय?" भरीत भर म्हणजे विमलबाई. त्या पाण्याच्या रांगेत प्रत्येक बाईला कौतुकानं सांगत होत्या, "माज्या म्हशींला सचिवसायब सोता चारा आणून घालतेत. लेकानं केलं नसतं एवढं."

त्याच संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन मोहनराव घरी आले. खुर्चीवर बसले, पाणी नको म्हणाले. दुष्काळात पाणी नको म्हणणं ही रीतच झाली होती.

"मन्मथआप्पा, तक्रार तहसिलात गेलीय. परवा माणूस येतोय बघायला. तू चारा कशापायी आणतो, ते मला खरं सांग."

मन्मथनं सांगितलं. पोरगी, पतसंस्था, अर्जुनराव, म्हशी. मोहनरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, कारण मन्मथकडं बघितलं असतं तर हसू आलं असतं.

"बायकोची नोकरी टिकावी म्हणून शेजारणीच्या म्हशीला विकतचा चारा."

"व्हय."

"आप्पा, त्यापरीस चोरी केली म्हणून सांग. चोरी लोक विसरतेत. हे लोक जन्मभर सांगत बसतील."

"पर चोरी मी केलीच न्हाई."

"ते मला कळतंय. ट्रॅक्टरवाल्याला मी उभा करतो, तहसिलाचं मी बघतो. पर उद्या सकाळी म्हशी छावणीत पायजेत. आन् तुज्या गाडीवर मला पेंढीची काडी दिसली न्हाई पायजे."

ते गेल्यावर मन्मथ उंबऱ्यात बसून राहिला. विमलबाईंना निरोप गेलाच होता. त्यांच्या अंगणातून भांडी भरल्याचा आवाज येत होता. नीलाला झोप लागली होती.

"आता काय करायचं?" मन्मथ म्हणाला.

महानंदा पीठ मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"तुमी चार वाजता कुठं असता?"

"छावणीवर. तुला ठावं न्हाई का?"

"सात वाजता?"

"छावणीवरच."

"तिथं तुमाला पत्र्याची खोली हाय, टेबल हाय, पंखा हाय. शाळेतनं छावणी किती लांब हाय?"

मन्मथच्या ध्यानात आलं. "आगं, पोरं आणायची न्हाईत असा नियम हाय. मीच केलाय."

"जनावरांत न्यायची न्हाईत. टेबलापाशी बसवायची न्हाईत असं भोंग्यावर म्हणला न्हाईत तुमी."

"मी कामावर असतो, महानंदा."

"मग मी काय कीर्तनाला जाते?"

त्यानं शेवटचं कारण काढलं. "सचिव पोरगी सांभाळत बसलाय म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"चोर म्हणून झालंय," महानंदा म्हणाली. "आता ह्याच्याहून वाईट काय म्हणायचं ते त्यांनाच सुचू द्या."

दुसऱ्या दिवशी साडेचारला मन्मथ गाडी घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहिला. पाचला महानंदाचा फोन वाजला.

"नीलाला भूक लागलीय."

"डब्यात हाय."

"डबा तिनं शाळेतच खाल्ला म्हणती."

"मग टपरीवरनं आणा काहीतरी."

साडेपाचला पुन्हा वाजला. नीलाला लघवीला बाहेर जायचं होतं. कोणासोबत पाठवू, त्यानं विचारलं. विमलमावशी कुठं हायत, तिनं विचारलं. त्या म्हशी सोडून येत न्हाईत, तो म्हणाला, मोजणी सुरू हाय. "मोजणी कोण करतंय?" महानंदानं विचारलं. मन्मथ म्हणाला, "थांबवतो."

सहाला पुन्हा फोन आला तेव्हा समोर चार एजंट पिशव्या घेऊन उभे होते आणि अर्जुनराव काचेतून बघत होते.

"अवो, एवढ्या जनावरांला वेळेवर खायला-प्यायला घालता ना," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यात एकीची भर पडली म्हणून समजा." आणि फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवशी रक्कम पहिल्या बैठकीत जुळली.

आठ वाजता गाडी दारात थांबली. नीला मन्मथच्या पाठीला चिकटून झोपली होती आणि पडू नये म्हणून त्यानं तिला आपल्या उपरण्यानं कमरेशी बांधून घेतलं होतं. त्याच्या शर्टाला वेफर्सचा चुरा लागला होता. महानंदानं गाठ सोडवून पोरगी उचलून घेतली.

"उद्या बी?" त्यानं विचारलं.

"उद्या बी."

तो गाडी भिंतीकडेला लावायला वळला.

"आन् सोमवारपासून उन्हामुळं शाळा सकाळची हाय," महानंदा आत जाता जाता म्हणाली. "साडेअकराला सुटती."