तीन दिवस जपलेलं पान

“एकदा आणलेलं जपून ठेव. त्याच कामाला पुन्हा बाहेर धावू नको.” मला पहिल्यांदा सुरू करताना पुष्पाताई लेकराला सांगावं तसं बोलल्या होत्या.

मित्रांनो, मी राजूरच्या माहिती केंद्रातला जुना संगणक आहे. २००६ साली हे केंद्र चालवणाऱ्या पुष्पाताईंनी सुटे भाग जोडून मला उभे केले. आसपासच्या गावांतले साधे मोबाईल माझ्यामार्फत इंटरनेटवर जात. कोणी परतूरचा कापसाचा भाव मागितला की मी तो बाहेरून आणी आणि एक प्रत जवळ ठेवी. पुढच्या वीस जणांना ती माझ्याकडूनच मिळे.

बाहेरची लाइन अरुंद, मोबाईल त्याहून संथ. म्हणून ताईंनी पंगतीची रीत घालून दिली. सावकाश जेवणाऱ्याला घासाघासाने वाढायचे, पण पानावरून उठवायचे नाही. आणि एकानेच सगळे पातेले ओढायचे नाही. अक्षरे आधी, चित्रे नंतर, गाणी शेवटी. मोबाईलवर गाणी उतरवणारा धर्मराज कुरकुर करी, “ताई, तुमच्यासंगं मशीनलाबी उपास घडून राह्यला का?” ताई नुसत्या हसत. एवढ्याशा लाइनीवर त्यांनी कधी कोणाला उपाशी ठेवले नाही.

एकदा अंगारकी आली. गणपतीला गर्दी लोटणार, लाइन तुंबणार, म्हणून ताईंनी रविवारीच मला इंटरनेटवरून आणलेली पाने तीन दिवस तशीच ठेवायला, पुन्हा न आणता तीच द्यायला सांगितली.

भोकरदनच्या पुढे असलेल्या धावडा गावच्या सुगंधाबाई मेंढरे राखत. त्यांच्या लेकीने, गोपिकाने, नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला होता. यादी लागली की मी स्वतः सांगीन, असा शब्द ताईंनी त्यांना दिला होता. तरी त्या रोज मोबाईलवर बघत, आणि मी झटकन जवळचे पान देई : यादी लागलेली नाही. माझ्या चपळाईचा मला अभिमान वाटे.

अंगारकीच्या दुपारी त्यांचा फोन आला. “ताई, रोज पाहून राह्यले, यादी काई लागंना. लाइट न्हाई, फोन बंद पडंल आता.” फोन बंदच पडला.

ताईंना शंका आली. त्यांनी माझ्याजवळची प्रत बाजूला ठेवून थेट बाहेरून पाहिले. यादी कालच लागली होती. गोपिका यादीत नववी होती. उद्या दुपारी बारापर्यंत जालन्याला हजर राहायचे, नाहीतर जागा दुसरीला जाणार. ताईंनी तीनदा फोन लावला. लागला नाही.

“मशीननं मी सांगितलं तेच केलं. चूक माझी,” त्या म्हणाल्या. मग याद्या आणि निकाल दर वेळी ताजेच आणायचे, असे त्यांनी मला शिकवले. मित्रांनो, जपून ठेवलेले अजून खरे आहे का, हे अधूनमधून विचारत जा. आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसता, तेव्हा आमच्या पोटातलेही तपासा.

केंद्राचे राखणदार पुंजाराम म्हणाले, “उपास हाय तुमचा, ताई. दर्शनबी राह्यलंय. कुणाला तरी धाडा की.”

“मी सांगीन म्हणाले होते, काका.”

ताईंनी नाव आणि क्रमांक कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला. पदर खोचला. दर्शनाला निघालेल्या गर्दीतून वाट काढत त्या उलट दिशेला, भोकरदनच्या बसकडे चालू लागल्या.