तयार झालेला पाय

त्या वर्षी आरमोरीत थंडी नेहमीसारखीच पडली होती. धान कापून झालं की पडते तेवढी. पण गावाला ती पुरेनाशी झाली होती. नानाजी ड्रिलमास्तर हिमालयात जाणार होता, आणि तेही भर पौषात, बर्फातली खिंड ओलांडायला. एव्हरेस्टवर माणूस पोचल्याला दीडेक वर्षच झालं होतं, त्यामुळे डोंगराचं वारं सगळीकडेच शिरलं होतं. नागपूरच्या काही तरुण मास्तरांनी आणि व्यायामशाळेवाल्यांनी टोळी जमवली, आणि चांदा जिल्ह्यातून तिच्यात एकट्या नानाजीची निवड झाली. ज्यांनी वैरागडकडच्या टेकडीहून उंच काही पाहिलं नव्हतं, तेही कोष्टीपुऱ्यात येऊन त्याला बर्फात कसं चालावं ते सांगू लागले.

घरात तर लगीनघाई होती. नानाजीच्या आईने, भागीरथाबाईने, दोन घोंगड्या जोडून आत शिरून निजता येईल अशी पोतडी शिवली. मोहफुलं भाजून, तिळाबरोबर उखळात कुटून लाडू वळले. ते महिनाभर विटत नाहीत. बूट लष्कराच्या जुन्या मालातले, नागपूरहून आणलेले. आणि वच्छला, नानाजीची बायको, त्याच्यासाठी कोशाची, म्हणजे रानरेशमाची, बंडी करत होती. घर विणकरांचं. कोशाचं कापड अंगाला ऊब देतं आणि वजनाला काहीच नसतं, हे तिनेच त्याला सुचवलं होतं.

नानाजी रोज तांबडं फुटलं की वैनगंगेवर जाई आणि गुडघाभर पाण्यात उभा राही. पाय थंडीला सरावले पाहिजेत, असं नागपूरच्या मंडळींनी सांगितलं होतं. काठावर बघे जमत. शेजारचा लटारू, त्याच्याच वयाचा विणकर, अंगावर चादर घेऊन दात वाजवत बसे.

"मास्तर, तुमच्या पायाले वैनगंगा तापून राह्यली काय?"

"डावा तयार झाला, लटारूभाऊ," नानाजी पाण्यातूनच सांगे. "त्याले आता काईच वाटत नाई. उजवाच कच्चा हाय अजून. कळा येतात त्याले."

"मंग डाव्यालेच पाठवा हिमालयात. उजव्याले ठेवा घरी, वयनीले सोबत होईन."

ही गोष्ट गावभर झाली. शाळेतली पोरं नदीवर जाऊन आपापला डावा पाय तयार करू लागली. वच्छलाही हसली होती. हसण्यासारखंच होतं ते.

मग एक दिवस अंगणात चुलीवर मडकं चढलं होतं. राखेच्या पाण्यात कोसे उकळत होते. उकळून मऊ झालेल्या पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळव्याने पीळ देत धागा करायचा, हे वच्छलाचं काम. वर्षानुवर्षांच्या त्या कामाने तिच्या मांडीची कातडी गुळगुळीत झाली होती, पण धाग्यातला एक तंतू तुटला तरी तिला तिथे न बघता कळे. नानाजी लटारूशी बोलत बोलत मडकं उतरवायला आला. मडकं कललं आणि राखेचं उकळतं पाणी त्याच्या डाव्या पावलावर सांडलं.

तो बोलतच राहिला. पायावरून वाफ निघत होती आणि तो लटारूला खिंडीतल्या वाऱ्याविषयी सांगत होता.

"अजी, पाय!" वच्छला उठून उभी राहिली.

नानाजीने खाली पाहिलं. "काय झालं?"

लटारूने मांडीवर थाप मारली. "घ्या! आता बरफ काय करन याले? काकी, तुमचा पोरगा त पक्का पहाडी झाला."

"नजर नको लावू माया लेकाले," भागीरथाबाई म्हणाली, पण तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं. तिने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली.

वच्छला हसली नाही. तिला ब्रह्मपुरीचा तिचा झिंगूकाका आठवला. झिंगूकाका विडी बोटापर्यंत जळू देई आणि तरी हात हलवत नसे. पोरं टाळ्या वाजवत, त्यालाही मजा वाटे. पुढे त्याची बोटं वळली. मग घरच्यांनी त्याला शेताच्या कडेला खोपटं घालून दिलं. त्याचं जेवण बांधावर ठेवायचं आणि मागे न बघता परत यायचं, हे काम लहानपणी वच्छलाकडे होतं. आज इतक्या वर्षांनी त्या रोगाचं नाव घ्यायला कोणी फारसं कचरत नाही. तेव्हा लोक तो शब्दसुद्धा तोंडावर हात ठेवून बोलत. महारोग.

चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून ती त्याच्या पायाला लावायला बसली. कातडी फुगून आली होती. घोट्याच्या वर विड्याच्या पानाएवढा फिकट डाग होता. तो तिने आधीही पाहिला होता आणि गजकर्ण समजली होती. आता नीट पाहिलं. त्या डागावर लव नव्हती.

दोन दिवस ती तेल लावत राहिली. आठवडी बाजाराला सासू गेली, तेव्हा तिने बंडीचं माप घ्यायचं निमित्त करून नानाजीला ओसरीवर बसवलं.

"डोळे मिटा."

"काऊन?"

"मिटा ना. मी धागा लावतो, कुठी लागला ते बोटानं दाखवा."

तिने कोशाच्या धाग्याचं टोक त्याच्या उजव्या पावलाला लावलं. त्याने लगेच बोट ठेवलं. करंगळीपाशी लावलं, तिथे ठेवलं. "गुदगुल्या होतात वं," तो हसला. मग तिने धागा डाव्या पायाला लावला. पावलावर, घोट्याला, डागावर. पुन्हा पावलावर.

तो डोळे मिटून वाट पाहत होता. "कर ना सुरू," तो म्हणाला.

तिचा हात तिथेच थांबला. धागा लागेना म्हणून त्याने डोळे उघडले, आणि आपल्या पायावर टेकलेला धागा पाहिला.

त्याला समजावून सांगावं लागलं नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेत हाच रोग तपासायला डॉक्टर आले होते. पोरांना रांगेत उभं करून, डोळे मिटायला लावून त्यांच्या अंगाला कोंबडीचं पीस लावून पाहिलं होतं. ती रांग नानाजीनेच लावली होती, आणि घरी येऊन सगळं हातवारे करून सांगितलं होतं.

त्याने डावा पाय मागे ओढून घेतला. मग म्हणाला, "मायले सांगितलं?"

"नाई."

"लटारूले?"

"त्याले कायले सांगू मी?"

ती जवळ सरकली, तसा तो मागे सरकला. तिला ते लागलं, पण ती बोलत राहिली. "गोळ्या निंघाल्या ना आता? तुमीच त सांगत होते, डाक्टर म्हने लवकर आलं त बरं होते म्हणून."

"दवाखान्यात गेलो त दिवस मावळाच्या आत गावाले माहीत होईन. मंग मायचा कोसा कोण घेईन?"

कोसा सोवळ्याचा. लग्नामुंजीत, पूजेला बसताना लोक तो नेसतात. भागीरथाबाईच्या हातचा कोसा नागपूरपर्यंत जाई तो तिच्या घराच्या शुद्धपणावर. त्या घरात हा रोग आहे म्हटल्यावर त्या मागावरचा धागाही कोणी देवघरात नेला नसता. माग बंद, शाळा बंद, आणि शेताच्या कडेला खोपटं.

"मी पहाडात जातोच," नानाजी म्हणाला.

"त्या बरफात पाय राह्यन काय तुमचा? चटका लागला त समजत नाई, तिथी बोटं गळून पडतीन तरी समजाचं नाई."

"पडू दे."

"काय बोलून राह्यले तुमी?"

"बरोबर बोलून राह्यलो." पोरांना ड्रिल शिकवताना असायचा तसाच त्याचा आवाज शांत होता. "बरफानं पाय गेला म्हनतीन. मास्तर हिमालयात गेला आन पाय देऊन आला. हार घालतीन मले. मंग पुढं काई बी झालं, बोटं वळली, नाक बसलं, तरी बरफानंच झालं म्हनतीन. माय मरेपर्यंत मान वर करून राह्यन."

हे त्याला आत्ता सुचलं की आधीच कधी, हे तिने विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

त्यानंतरही तो रोज नदीवर गेला. फक्त डाव्या पायाचं कौतुक करणं त्याने सोडलं. लटारूने विनोद केला की तो पाण्याकडे बघे. घरी त्याने आपलं ताट वेगळं ठेवायला सांगितलं; बर्फात जाणाऱ्याने नेम पाळायचा असतो, असं आईला म्हणाला. भागीरथाबाईने तेही गावभर अभिमानाने सांगितलं.

वच्छला बंडी शिवत विचार करत होती. सांगावं तर खोपटं, न सांगावं तर बर्फ. सासूला सांगायला ती एकदा मागापाशी जाऊन बसलीही. भागीरथाबाई म्हणाली, "काय वं पोरी, जीव लागत नाई काय तुया? दोन महिन्यानं येते तो. माया बी जीव लागत नाई. पन पाह्य, आपल्या घरातून कोण गेलं होतं कधी एवढं उंच?" वच्छला धोटा उचलून देऊन परत आली.

निघायच्या दिवशी सगळी आरमोरी घाटावर आली. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता, डोंग्यातून पलीकडे जायचं. शाळेच्या पोरांनी ढोल आणला होता. भागीरथाबाईने लेकाला कुंकू लावलं. नानाजी डोंग्यात बसला, आणि गाठोडं घेऊन वच्छलाही त्याच्या मागे चढली.

"तू कुठी निंघाली वं?" सासूने विचारलं.

"ब्रह्मपुरीले. माहेरी जाऊन येतो चार दिवस."

"मले सांगितलं नाई."

"आता सांगतो ना."

"वयनी बरफातच चालल्या," लटारू ओरडला. लोक हसले, आणि त्या हशात डोंगा सुटला.

पलीकडून बैलगाडीने ब्रह्मपुरी गाठली. स्टेशनात छोट्या रुळांची गाडी उभी होती. नानाजीने वाट पाहिली, पण ती माहेरच्या रस्त्याला लागली नाही. त्याच्या मागोमाग डब्यात चढून समोर बसली.

"तुयं माहेर मागं राह्यलं," गाडी सुटल्यावर तो म्हणाला.

"मले माहीत हाय."

नागभीडला गाडी बदलली. तिने एक लाडू काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो पानावर ठेवायला सांगितला. तिने ठेवला नाही. हातातच धरून राहिली, शेवटी त्याने घेतला.

नागपूरच्या मोठ्या स्टेशनात टोळी जमली होती. तरणीताठी मंडळी, हसणं-खिदळणं, दोरांची वेटोळी. टोळीचा म्होरक्या एक उंच, चष्मेवाला गृहस्थ होता. त्याने नानाजीला मिठीच मारली आणि वच्छलाला नमस्कार केला.

"वहिनी, काळजी करू नका. जसे आणलेत तसे परत देऊ."

सगळ्या वाटेने वच्छला हेच ठरवत आली होती. आरमोरीत हे बोलता येत नव्हतं, माहेरीही नाही. इथे तिच्या घरच्या मागाशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

"भाऊ, यायच्या डाव्या पायाले लागत नाई," ती म्हणाली. "उकळतं पाणी पडलं तरी समजलं नाई. डाग बी हाय."

म्होरक्याचं हसणं थांबलं. त्याने पायाकडे पाहिलं, मग नानाजीच्या तोंडाकडे. सामान घ्यायला पुढे केलेला त्याचा हात थोडा मागे आला.

"खरं आहे का, मास्तर?"

बायको घाबरली आहे, पहाडात जाऊ नये म्हणून काहीतरी बोलते, एवढं म्हणणं पुरे होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. वच्छलाला ते ठाऊक होतं, नानाजीलाही. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर खाली घेतली नाही.

"डाव्याच पायाले," नानाजी म्हणाला. "उजवा चांगला हाय."

टोळीची गाडी गेली. म्होरक्या भला माणूस; घाईघाईत म्हणाला, औषध आहे आता, वेळ घालवू नका. पण जाताना त्याने हात दिला नाही.

दोघं फलाटावरच्या बाकावर बसली. मध्ये सामान होतं.

"गावात काऊन नाई बोलली?" नानाजीने विचारलं.

"गावात माय हाय."

"मंग आता तिले काय सांगू? महिनाभरानं काय सांगू, दोन महिन्यानं काय सांगू?"

"मले माहीत नाई."

"एवढं केलं, आन ते माहीत नाई."

"नाई माहीत. दोघं मिळून काई ठरवू. आधी दवाखाना कुठी हाय ते इचारा कोणाले."

"तूच इचार. परक्या माणसाले सांगता येते ना तुले आता."

तिने ते ऐकून घेतलं. उठून स्टेशनाबाहेर गेली आणि उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला, रोगाचं नाव घेऊन, दवाखाना विचारला. तोंडावर हात न ठेवता नाव पूर्ण घेतलं. रिक्षावाल्याने कुठला रस्ता ते सांगितलं आणि किती सवाऱ्या आहेत म्हणून विचारलं.

ती परत आली तेव्हा नानाजी उठला नव्हता. ती पुन्हा बाकावर बसली. एक गाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. मग त्याने खाली वाकून बुटाची दोरी घट्ट केली आणि सामान उचललं.

"चाल," तो म्हणाला. "पन माया मागं नको चालू. बाजूनं चाल."