सेल्फ मारते, सुरू होत नाही

सोमवारी सकाळी आठ वाजता अक्षता तांबे काळाचौकीच्या आपल्या बिल्डिंगखाली गाडीत बसली, किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं खर्रर्र, खर्रर्र केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सेल्फ जोरात मारत होता, पण इंजिन काही पेट घेईना.

वरच्या खिडकीतून आईने, कांताबाईंनी, डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं? निघाली नाहीस?"

"सुरू होत नाहीये."

"पेट्रोल आहे का बघ."

"परवाच भरलंय, आई."

गाडी घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. लहानशी, अठरा वर्षांची, पण एकाच घरात वापरलेली. अक्षता दादरच्या एका क्लिनिकमध्ये कानांची तपासणी करायची. लोकांना हेडफोन लावून बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि कुठला ऐकू येतो, कुठला नाही ते कागदावर मांडायचं, हे तिचं काम. महिन्यातून चार-पाचदा शाळांमध्ये कॅम्प असत. तेव्हा मशीन, हेडफोन, फायली असं सगळं बिऱ्हाड टॅक्सीत चढवता-उतरवता तिचे खांदे भरून येत. म्हणून गाडी. आणि हे पाच आठवडे गाडीने एकदाही कुरकुर केली नव्हती.

तिला राग यायला हवा होता, पण आलं कुतूहल. शनिवारी जी वस्तू चालत होती ती सोमवारी चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात काहीतरी बदललं. काय बदललं? तिने क्लिनिकला फोन करून उशीर होईल असं सांगितलं आणि जयवंत परबांना बोलावलं.

परबांचं गॅरेज कॉटन ग्रीनच्या गोदामांना लागून होतं. साठी ओलांडलेला, मालवणकडचा माणूस. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून ते चालतच आले.

"मार बघू सेल्फ," ते बॉनेट उघडून म्हणाले.

खर्रर्र, खर्रर्र.

"बॅटरी धड आसा. नायतर एवढ्या जोरात फिरली नसती." त्यांनी एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनच्या पत्र्याला टेकवला आणि तिला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली. "करंट पण येतोय. हवा येतेच येते. आता हा प्लग बघ, बाय. हात लाव."

अक्षताने बोट लावलं. "कोरडा आहे."

"एवढा सेल्फ मारल्यावर पेट्रोलने ओला व्हायला पाहिजे होता. म्हणजे पेट्रोल वर येतच नाय."

अक्षता पुन्हा सीटवर बसली. तिने किल्ली अर्धीच फिरवली. समोरचे दिवे लागले. ती तशीच बसून राहिली, मग किल्ली मागे घेतली आणि पुन्हा अर्धी फिरवली.

"काय करतेस गो?"

"काका, एक आवाज येत नाहीये."

"आता बंद गाडीचा कसला आवाज?"

"किल्ली अशी अर्धी फिरवली की मागच्या सीटखाली बारीक ऊंऽऽ असं वाजायचं. दोन सेकंद, मग थांबायचं. पाच आठवडे रोज ऐकलंय मी. आज नाहीये."

परबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ते मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप आसता. तोच वाजतो. माझी सगळी गिऱ्हाइकं आवाज आला की तक्रार करतात. आवाज नाय म्हणून सांगणारी तू पहिली."

त्यांनी मागची सीट उचलली, पंपाची वायर सोडवून तिथे टेस्ट लॅम्प धरला. अक्षताने किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. फ्यूज बघितला, तो शाबूत. पंपाला वीज सोडणारा रिले टिक् करून वाजत होता. म्हणजे पुढून वीज निघत होती आणि मागे पंपापर्यंत पोचत नव्हती. मध्येच कुठेतरी अडत होती.

"उंदराने वायर खाल्ली असेल," परब म्हणाले. "नायतर मागच्या मालकाने कायतरी जोडाजोड केली असेल. त्याला विचार."

मागचा मालक म्हणजे हितेंद्र मेस्त्री, लालबागला राहायचा. सदतीस-अडतीस वर्षांचा, शांत, बोलताना सारखी शर्टाची कॉलर नीट करणारा. गाडी त्याच्या वडिलांची. वडिलांचे गुडघे गेल्यावर ती दोन वर्षं तशीच उभी होती, आठवड्यातून एकदा शेजारचा ड्रायव्हर फिरवून आणायचा. अक्षताने फोन लावून गाडी सुरू होत नाही एवढंच सांगितलं.

"थांबा मॅडम," हितेंद्र म्हणाला. "मी येतो."

वीस मिनिटांत तो आला. घाम आलेला, चेहरा पडलेला.

"मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती," तो आल्या आल्या म्हणाला. "सांगायला पाहिजे होती."

अपघातातली गाडी? चोरीची? परब पान्याने हात खाजवत उभे राहिले.

"ही गाडी माझ्या हातून कधी सुरूच झाली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. नुसती खर्रर्र करायची. बाबांच्या हाती एका झटक्यात. मी बसलो की नाही. हसू नका, पण मला वाटायचं गाडीला हात कळतो. तुम्हाला दाखवायला आणली तेव्हा पण तो ड्रायव्हरच चालवत होता. तुमच्या हाती सुरू झाली तेव्हा मला बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. आता पुन्हा..."

अक्षता हसली नाही. क्लिनिकमध्ये एखादा माणूस म्हणाला, की मला बायकोचंच बोलणं ऐकू येत नाही, तरी ती हसत नसे. त्या तक्रारीतही कधी कधी अचूक माहिती असते, फक्त नीट विचारावं लागतं.

"दर वेळी असं व्हायचं?"

"मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा."

"केव्हा केव्हा? आठवतं?"

"कॉलेजात होतो. लायसन्स नुकतंच मिळालं होतं. एकदा मे महिन्यात. एकदा गणपतीच्या आधी, बाबा गावचं घर साफ करायला पुढे गेले होते तेव्हा. आणि एकदा शिमग्याला."

"म्हणजे तिन्ही वेळा बाबा गावाला होते?"

"हो. ते घरी असताना किल्ली कुठली मिळायला!"

"आणि ते परत आल्यावर?"

"खाली यायचे, बसायचे आणि सुरू. मेकॅनिक नाही, काही नाही."

अक्षता आणि परब एकमेकांकडे बघत राहिले. बाबा गावाला गेले की गाडी बंद. बाबा आले की चालू.

"तुमचे बाबा काय करायचे?" अक्षताने विचारलं.

"वायरमन होते. बत्तीस वर्षं."

परबांनी कपाळावर हात मारून घेतला. "चोर स्विच! अरे देवा, पहिल्यांदा हाच बघायला पाहिजे होता माका. जुन्या गाड्यांत लोक बसवून घ्यायचे. पंपाची वायर मध्येच तोडून लपवलेल्या जागी स्विच लावायचा. तो बंद असला की चोराने कितीही सेल्फ मारू दे, गाडी जागची हलायची नाय."

मग तिघांनी मिळून गाडी पालथी घातली. परबांनी दरवाजाच्या उंबऱ्याची पट्टी उचकटली तेव्हा तिथे खरोखरच एक पिवळी वायर निघाली, घरातल्या वायरिंगमध्ये असते तसली, वर काळी कापडी टेप इतकी सारखी गुंडाळलेली की परबही क्षणभर बघत राहिले. ती वायर कार्पेटखाली शिरत होती आणि पुढे पत्र्याला चिकटून कुठेतरी गडप झाली होती. सीटखाली स्विच नव्हता. डॅशबोर्डखाली नव्हता. अर्धा तास गेला.

"बाबांना विचारा की," अक्षता म्हणाली.

हितेंद्रने कॉलर नीट केली, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, गाडीत चोर स्विच आहे?"

पलीकडे आधी खोकला. मग त्याच्या वडिलांचा, आनंदा मेस्त्रींचा, आवाज आला. "कोणाला पाहिजे?"

"ज्यांनी गाडी घेतली त्या मॅडमना. गाडी बंद पडलीय."

"बंद कशी पडेल? मी विकताना चालू ठेवला होता."

"म्हणजे आहे!"

"आहे. हँडब्रेकला रबराचं कव्हर आहे ना, त्याची मागची कड उचल. बोट आत घाल."

अक्षताला एकदम आठवलं. काल रविवारी तिने गाडी आतून धुऊन-पुसून काढली होती, आणि त्या कव्हरच्या कडेला साचलेला मळ जुन्या टूथब्रशने खरवडून काढला होता. तिने बोट आत घातलं. शेंगदाण्याएवढा स्विच होता, ब्रशच्या धक्क्याने बंद झालेला. तिने तो दाबला नाही. आधी हितेंद्रकडे बघितलं.

तो फोनकडे बघत होता.

"बाबा, हा कोणासाठी लावला होता?"

"चोरासाठी."

"लालबागला आपल्या चाळीत कोण येणार होतं गाडी चोरायला?"

"त्या वर्षी तुझे दोन विषय राहिले होते," आनंदा मेस्त्री म्हणाले. "आणि तुझे ते तीन मित्र. लोणावळ्याला जायचं ठरवत होतात. माझ्या कानावर आलं होतं."

"म्हणजे चोर मी."

"तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास तू."

"मला सांगायचंत तरी!"

"सांगितलं असतं तर तो चोर स्विच कसला?" म्हातारा चिडल्यासारखा बोलला, पण पुढचं वाक्य हळू होत गेलं. "पास झालास की सांगणार होतो. बाजूला बसवून गाडी शिकवणार होतो नीट. तू पास झालास आणि मग किल्ली मागितलीच नाहीस. मला वाटलं, याला गाडीची आवड नाही."

बॉनेटवर टेकलेले परब उगाचच पाना पुसायला लागले. अठरा वर्षं एक माणूस समजत होता, की आपल्या हाताला गाडीचं वावडं आहे, आणि दुसरा समजत होता, की मुलाला आवड नाही. दोघं एकाच घरात, एकाच टेबलाशी जेवत होते. अक्षताला आणखी पुष्कळ विचारायचं होतं, पण हा तिचा प्रश्न नव्हता. ती गाडीतून उतरली आणि दरवाजा उघडा धरला.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हीच करा सुरू."

"मी?"

"तुमच्याच हातची तक्रार होती ना?"

हितेंद्र बसला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. सीट मागे कशी घ्यायची ते त्याला ठाऊक नव्हतं, ते परबांनी करून दिलं. त्याने कव्हरखाली बोट घालून स्विच दाबला. किल्ली अर्धी फिरवली. मागच्या सीटखाली पंप गुणगुणला आणि थांबला.

"न्यूट्रल बघ आधी," फोनमधून आवाज आला.

"बघितलं, बाबा."

त्याने किल्ली पूर्ण फिरवली. पहिल्याला थोडी खोकली, दुसऱ्याला इंजिनने पेट घेतला. हितेंद्रने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. गाडी जागेवर थरथरत होती आणि तो तिच्याबरोबर.

"इंजिनचे टॅपेट वाजतायत," फोन म्हणाला. "तेल बदला म्हणावं."

"बरोबर आसा म्हाताऱ्याचा," परब पुटपुटले.

अक्षता अकराला दादरला पोचली. शनिवारी दुपारी तिने गाडी परबांच्या गॅरेजमध्ये नेली. अठरा वर्षांपूर्वीचा जोड केव्हा सैल होईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी स्विच काढून वायर सरळ जोडून टाकली. हितेंद्रही आला होता, तिने बोलावल्यावरून. येताना पाकिटात जुनं लायसन्स घेऊन आला. वडिलांशी पुढे काय बोलणं झालं ते त्याने आपणहून सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, की स्विच कसा बसवला ते त्यांनी परवा कागदावर आकृती काढून दाखवलं, दोनदा.

गोदामांमागच्या रस्त्यावर शनिवारी ट्रक नसतात. अक्षता त्याच्या शेजारी बसली. त्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, दोन वेळा आरशात बघितलं आणि गाडी हळूहळू पुढे नेली. तीस-चाळीस फूट अगदी सरळ गेली. मग एक कुत्रा आडवा आला, त्याने ब्रेक मारला, क्लच विसरला, आणि गाडी हिसका देऊन बंद पडली.

अक्षता काही बोलणार इतक्यात त्याने हात वर केला. तो हसत होता.

"थांबा, कोणाला फोन नको," तो म्हणाला. "या वेळी मात्र मीच बंद पाडली."