नलूचा डबा

देशाची सीमा अच्युतच्या घरात शिरली ती परसदारानं. आधी विहीर गेली, मग न्हाणीघर, आणि मंगळवारी सकाळी स्वयंपाकघर गेलं. त्या वेळी त्याची बायको नलू आत वरणाला फोडणी देत होती, त्यामुळे तीही गेली.

"गेली म्हणजे कुठे?" कुमुदनं फोनवर विचारलं.

"पलीकडे. पडद्याच्या मागेच आहे, आवाज येतो तिचा. पण आता ते पलीकडे आहे."

"मग तू जेवतोस कुठे?"

धाकटा भाऊ साठीला आला तरी थोरल्या बहिणीला पहिला प्रश्न हाच सुचायचा. विचारून झाल्यावर कुमुदला स्वतःचाच राग आला. अच्युतला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तो दमलेला होता. सीमेपलीकडे माणसाचा हात जात नाही, एवढंच त्यानं सांगितलं. ज्या घरचं भांडं असेल तेवढंच त्या घरात परत जाऊ शकतं. पण भांडी तर सगळी आत गेली होती. बाहेर राहिलेलं एकच भांडं कुमुदकडे होतं.

"आमचा तो पितळी डबा, कडीचा. तो घेऊन ये, ताई."

कुमुद ओशाळली. कुठल्याशा दिवाळीला नलूनं त्या डब्यातून अनारसे दिले होते. "डब्याची काही घाई नाही, वन्सं," असं ती म्हणाली होती आणि कुमुदनं ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. रिकामा डबा परत करायचा नसतो. भरून द्यायचा तर काहीतरी करायला हवं, आणि करायचं म्हटलं की कधी गुडघा धरायचा, कधी पाहुणे यायचे, कधी नुसताच कंटाळा. चिमूटभर साखर घालून पाठवला असता तरी चाललं असतं, पण तिला ते कमीपणाचं वाटलं. असा तो डबा वर्षानुवर्षं फळीवर बसून राहिला.

आता मात्र तिनं बेसनाचे लाडू वळले, डबा काठोकाठ भरला आणि गाडी पकडली. तिचं मनाशी पक्कं ठरलं होतं. डबा आत सरकवायचा आणि अच्युतला हाताला धरून घरी आणायचं. नलूसाठी जीव तुटत होता, पण भाऊ एकच होता.

पूर्वी या प्रवासात एक अख्खी रात्र गाडीत जायची. आता त्या बाजूनं देशच आखूड होत चालला होता, त्यामुळे चहा संपेपर्यंत निम्मी वाट सरली. समोरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती.

"आमचं देऊळ गेलं," ती म्हणाली. "पार ऱ्हायलाय. पारावर बसूनच आरती करतो."

मग तिचं स्टेशन आलंच नाही. पिशवी उशाला घेऊन तिनं खिडकीकडे तोंड केलं. गाडी थांबली तेव्हा पुढे रूळ नव्हते.

तिथून जीप होती. "मागल्या खेपेला इथनं घाट होता, मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "आता नुसता उतार उरलाय. डिझेल वाचतं, पण गिऱ्हाईकच ऱ्हायलं न्हाई."

उतारावर तपासणीचे नाके होते. सीमा पुढे आली की नाके मागे हटायचे, आणि हटून हटून ते आता एकमेकांना खेटून उभे होते. प्रत्येक नाक्यावर एक शिपाई वाकून डबा उघडायचा. "बघावं लागतं, आजी," असं म्हणून तो एक लाडू खायचा आणि बेसन छान भाजलंय असं सांगायचा. सगळे घरापासून फार दिवस लांब राहिलेले दिसत होते. खाणाऱ्याच्या तोंडचा घास कसा काढायचा, कुमुदला कळेना. शेवटचा नाका सुटला तेव्हा डब्यात नुसता भुगा होता, आणि तोही वाऱ्यानं उडाला.

घराची आता फक्त ओसरी उरली होती. अच्युत खुर्चीत बसला होता. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड भांडी वाजत होती.

"वन्सं आल्या का?" नलूचा आवाज आला. "बसा, चहा टाकते."

आल्याचा वास आला. चहा आला नाही.

"बॅग भर," कुमुद म्हणाली. "डबा आत देऊ आणि निघू."

अच्युतनं डबा उघडून पाहिला. "रिकामा कसा द्यायचा, ताई?"

"चिमूटभर साखर घाल."

"साखर आत आहे."

तेवढ्यात पडदा गेला. त्यानं खुर्ची एका फरशीनं पुढे ओढून घेतली. हे तो बरेच दिवस करत असावा, कारण फरशीवर पायांचे चरे पडले होते. कुमुदनं पर्स उलटी केली. पर्समध्ये खाण्यासारखं काही नव्हतं.

अच्युतनं बाही वर सारून हात डब्यात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"बसतंय," तो म्हणाला. नवीन चप्पल पायात घालून पाहावी तसं म्हणाला.

"अरे, मी तुला न्यायला आले होते."

"माहीत आहे. ती एकटी आहे, ताई."

कुमुदनं त्याचा दुसरा हात धरून ठेवला. बराच वेळ धरला. मग तो हात इतका दमलेला वाटला, की तिनंच तो दुमडून आत ठेवला. लहानपणी स्वेटर घालताना वाकवायची तशी त्याची मान वाकवली.

"कडी नीट लाव," आतून अच्युत म्हणाला. "निसटते."

तिनं कडी लावली आणि डबा उंबऱ्यावरून सरकवला. पलीकडे कडी वाजली. "अहो, किती वाळलात," असं नलू म्हणाली. नंतर पळीचा आवाज आला, आणि डबा परत आला. तो गरम होता. नलूही रिकामा डबा परत पाठवणाऱ्यातली नव्हती.

कुमुद जीपमध्ये बसली. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि उतार संपला तिथे तिचीच गल्ली लागली. मध्ये स्टेशन आलं नाही. "आता असंच हाय, मावशी," तो म्हणाला.

घरी आल्यावर तिनं ओट्याशी उभ्यानंच डबा उघडला. आत वरणभात होता, वर तूप. ती सगळा जेवली. जेवताना रडली. मग डबा घासला, पुसून कोरडा केला आणि साखरेच्या बरणीसाठी हात वर केला. फळी तिथे नव्हती. फळीच्या मागची भिंतही नव्हती. तिकडे कुणीतरी वरणाला फोडणी देत होतं.

"डब्याची काही घाई नाही, वन्सं," नलू म्हणाली.

कुमुदनं बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि हात डब्यात घालून पाहिला.