कथेत नसलेला कुत्रा

मुंगीचा निबंध शाळेतून परत आला तो अंगावर गोवर उठल्यासारखा. जिकडे बघावं तिकडे बाईंच्या लाल खुणा. पण खाली शेरा होता, "मुद्दा एकदम वेगळा! पुरावा कुठाय? प्रत्येक मुद्द्यामागे पुस्तकातलं वाक्य आणि पानाचा आकडा हवा. सोमवारी पक्की प्रत आण. जमली तर वर्गापुढे तूच वाचायचीस."

वर्गापुढे! आजवर बाईंनी 'बरं आहे'च्या वर तिला काही दिलं नव्हतं. घरात जिला लाडानं मुंगी म्हणत, ती पोर नाचतच घरी आली आणि आल्या आल्या आजोबांना सांगून बसली. तिथंच चुकलं. आजोबा म्हणजे तिच्या आईचे बाबा, सारा जन्म बस चालवलेले. त्यांच्या पोटात गोष्ट राहायची नाही, आणि राहिलीच तर फुगायची. रविवार उजाडेपर्यंत खालच्या दुकानदारापासून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की मुंगीचा निबंध आता मंत्री वाचणार आहेत.

रविवारी दुपारी आईनं जेवणाचं टेबल पुसून त्यावर कॉम्प्युटर मांडला. बाईंनी दिलेला नियमांचा कागद समोर धरला. "समास दोन्हीकडे सारखा, ओळींत दुप्पट अंतर, परिच्छेद आत सरकवून. हे मी लावते. तू पुरावे शोध."

निबंध एका गोष्टीवर होता. गोष्टीत एक म्हातारा नावाडी. नदीवर पूल झालाय, त्याच्या नावेत आता कुणी बसत नाही, तरी तो रोज संध्याकाळी कंदील लावून वाट बघतो. मुंगीनं लिहिलं होतं की या गोष्टीचा खरा नायक नावाड्याचा कुत्रा आहे. तो शेपूट हलवत सोबत बसतो, म्हणून म्हातारा तग धरतो.

"चला, आधी कुत्र्याचं पान," म्हणत मुंगीनं पुस्तक उघडलं.

गोष्ट चाळली. कुत्रा नाही. मग ओळीओळीवर बोट ठेवून वाचली. नावाडी होता, नाव होती, कंदील होता. कुत्रा सोडाच, कुत्र्याचा केससुद्धा नव्हता.

मुंगीनं पुस्तक आईपुढे ढकललं. "आई, यातलं पान फाटलंय!"

आईनं पानांचे आकडे पाहिले. "एकही फाटलेलं नाही. तू वाचली होतीस ना गं गोष्ट?"

वाचली कुठं होती! तेव्हा मुंगीचे डोळे आले होते. ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून ती पडली होती, आणि गोष्ट वाचून दाखवली होती...

दोघींनी एकदम खिडकीकडे पाहिलं. आजोबा अंग चोरून वर्तमानपत्रामागे गेले होते.

"आजोबा, कुत्रा कुठाय?"

"कुठला कुत्रा?"

"नावाड्याचा! काळा, एक कान मोडका, माशांवर भुंकणारा!"

"असेल की तिथंच. फिरायला गेला असेल."

"बाबा!" आईचा आवाज चढला. "माझ्या वेळीही हेच केलंत. राजाचा हत्ती पुरातून पोहत आला, असं मी परीक्षेत लिहून आले होते!"

"पोहतोच हत्ती. माझ्या बसपुढून एकदा पोहत गेला होता. चढावर."

"चढावर?"

"पाऊस फार होता."

एरवी मुंगी हसून लोळली असती. आज तिनं पुस्तक धाडकन मिटलं. "अख्खा निबंध कुत्र्यावर आहे. बाईंना वाटेल मी पुस्तक उघडलंच नाही. उद्या वाचू काय?"

आता मात्र वर्तमानपत्र खाली आलं. आजोबा टेबलाशी येऊन बसले, साळसूद चेहऱ्यानं. "मी भेटतो बाईंना. सांगतो, छापणाऱ्यानं कुत्रा गाळला."

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

"पण तुम्ही घातलातच कशाला तो?" मुंगीनं विचारलं.

"तू रडायला लागलीस ना. म्हणालीस, याच्याजवळ कुणीच कसं नाही? आधीच डोळे टोमॅटोसारखे झालेले, त्यात रडणं. म्हटलं, असू दे एक कुत्रा. जागाही होती नावेत. म्हातारा बसतो कडेला, बाकी फळी मोकळीच."

"कडेला?"

मुंगीनं पुस्तक ओढलं. होतं खरं! पान एक्केचाळीस: 'तो नेहमीसारखा फळीच्या कडेला सरकून बसला.' पुढच्या पानावर: 'त्यानं पावाचे दोन तुकडे केले आणि एक खाल्ला.' दुसऱ्या तुकड्याचं काय झालं, ते लेखिकेनं सांगितलंच नव्हतं.

"आई गं!" मुंगी खुर्चीवर उभीच राहिली. "तिनं ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय! म्हातारा रोज कुणासाठी तरी सरकून बसतो, आणि कुणीच येत नाही. आजोबांना ते बघवलं नाही, म्हणून त्यांनी तिथं कुत्रा बसवला!"

"बसची एक सीट रिकामी राहिली तरी मला करमायचं नाही," आजोबा पुटपुटले.

मग काय, कापाकापी सुरू झाली. शेपटीचा परिच्छेद उडाला, भुंकण्याचा उडाला. मोडक्या कानाचा उडाला तेव्हा आजोबांनी "अरेरे" केलं. पहिलं वाक्य मुंगीनं नवं लिहिलं: 'या गोष्टीत कुत्रा नाही, पण त्याची जागा आहे.' खाली एकेक पुरावा पानाच्या आकड्यासकट बसत गेला. शेवटी तळटीप: 'कुत्रा माझ्या आजोबांनी घातला आहे. पुस्तकात शोधू नये.'

आजोबांनी चष्मा लावून कागद नाकापाशी नेला. "लेखिकेचं नाव ठसठशीत, आणि मी एवढा बारीक?"

"तळटीप बारीकच असते, बाबा. नियम आहे."

"मग दोनदा घाल."

सोमवारी शाळा सुटायच्या आधीपासून आजोबा फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसले होते. लांबून मुंगीची चाल दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. उड्या मारत येत होती.

"वाचला! सगळा वाचला! पावाच्या तुकड्याला तर मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प झाली!"

तिनं कागद पुढे केला. प्रत्येक आकड्याशेजारी लाल बरोबरची खूण होती. खाली तळटिपेला चिकटून बाईंनी बारीक अक्षरात विचारलं होतं, 'कुत्र्याचं नाव काय होतं?'

आजोबांचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. ते बाकाच्या कडेला सरकले आणि त्यांनी मोकळ्या जागेवर हातानं थोपटलं.

"बस इथं. आता त्याचं काय आहे, नाव एकच असतं तर पटकन सांगितलं असतं..."