आधी मला शिकवा

संत तुकाराम नगरातल्या 'सोबत' संस्थेचं काम वरवर साधं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर घरच्यांची शिफ्ट संपेपर्यंत स्वयंसेवकानं त्याच्यापाशी बसायचं. कंपनीतली नोकरी सांभाळून इथं येणाऱ्या रणजीतचा यात हातखंडा, म्हणून विश्वस्तांनी त्यालाच स्वयंसेवकांचा प्रमुख केलं. आणि तिथूनच गळती लागली. एकेक जण यायचा बंद झाला.

"फुकटच्या कामाला माणसं टिकत नाहीत राव," असं तो सगळ्यांना सांगायचा.

भोसरीच्या सोजराबाईंकडे त्यानं मैत्रीला धाडलं. ती बँकेत कारकून, संस्थेत नवीच. "नुसतं बसायचंय," एवढंच त्यानं तिला सांगितलं. कॅन्सरनं जर्जर झालेल्या सोजराबाई कळांनी ओरडू लागल्या, तशी मैत्री हादरली. तिनं रणजीतला फोनावर फोन केले. तो कंपनीत मीटिंगमध्ये होता, उचलला नाही. शेवटी ती रडत निघून गेली. म्हातारी पाण्यासाठी उठायला गेली आणि पलंगावरून पडली. मुलगा चाकणहून घरी पोचला, तेव्हा आई गार पडली होती.

"तिनं सोडून जायलाच नको होतं!" दहावा झाल्यावर रणजीत संस्थेत तणतणत होता.

संस्थेतल्या निवृत्त नर्स शालनबाई म्हणाल्या, "कंपनीत नव्या माणसाला न शिकवता प्रेसमशीनवर उभं करशील?"

"कसा करेन? हात जाईल त्याचा!"

"मग इथं? मैत्रीची आई गेल्या साली याच दुखण्यानं गेली. विचारलं होतंस तिला?"

रणजीत खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"बाई, मलाही कुणी शिकवलं नाही हो! आजाऱ्यापाशी बसणं मला जमतं. माणसं सांभाळणं जमत नाही."

"मग आधी का नाही बोललास?"

"लाज वाटली."

तो मैत्रीच्या घरी गेला. तिनं दार अर्धंच उघडलं.

"चूक माझी होती," तो म्हणाला.

"आता काय उपयोग, सर? त्या बाईंचा आवाज कानातून जात नाही माझ्या." तिनं दार लावून घेतलं.

विश्वस्तांच्या बैठकीत रणजीत उभा राहिला. "नवीन स्वयंसेवक घेऊ नका. आधी मला शिकवा! कुणाला कुठं पाठवायचं, तयारी कशी करून घ्यायची, हे कळल्याशिवाय मी कुणालाही धाडणार नाही."

त्याच्या प्रशिक्षणाची सोय झाली. पण मैत्री परत आली नाही, आणि सोजराबाईंचा मुलगा आजही संस्थेच्या माणसाला दारात उभं करत नाही.

मंडळी, सेवेला चांगलं मन लागतंच. पण दुसऱ्याच्या चांगल्या मनाला कामाला लावायचं, तर तेही शिकावंच लागतं. न शिकलेल्या प्रमुखाची चूक कुणा निष्पाप स्वयंसेवकाला जन्मभर सोसावी लागते!